कोड चालतोय, मग ही नागमोडी रेघ कसली?

पहिल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी पायथनची 'रिक्वेस्ट्स' ही एकच लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, चार वेळा इन्स्टॉल केली. लायब्रऱ्या इन्स्टॉल करणारा पिप दरवेळी सांगायचा, 'रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड', म्हणजे ती आधीच आहे. आणि व्हीएस कोड या एडिटरमध्ये, लायब्ररी मागवणाऱ्या इम्पोर्टच्या ओळीखाली नागमोडी रेघ जशीच्या तशी. प्रोग्रॅम चालवला की मुकाट चालायचा. शेवटी मी एडिटरच काढून पुन्हा टाकला. अर्धा दिवस गेला, रेघ तिथेच.

तेव्हा मला एवढंच माहीत नव्हतं की ती रेघ पायथन ओढत नाही. ती ओढतो पायलान्स, म्हणजे व्हीएस कोडमधलं पायथन कोड तपासणारं एक्स्टेन्शन. तो तुमचा कोड चालवत नाही, नुसता वाचतो, आणि इम्पोर्ट केलेलं नाव ठरावीक फोल्डरांमध्ये शोधतो. सापडलं नाही की 'कुड नॉट बी रिझॉल्व्ह्ड', म्हणजे पत्ता लागला नाही, असं म्हणून मोकळा. म्हणून आधी प्रोग्रॅम चालवून बघा. 'मॉड्यूल नॉट फाउंड एरर' आली तर तक्रार खुद्द पायथनची आहे. ती आली नाही, तर एडिटर चुकीच्या जागी शोधतोय.

आता चुकीची जागा म्हणजे कुठली? नव्या माणसाच्या बाबतीत बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: मशीनवर पायथन एकापेक्षा जास्त आहेत. एक सिस्टीमचा, एक तुम्ही स्वतः टाकलेला, शिवाय प्रत्येक प्रोजेक्टच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरत्या लायब्रऱ्या वेगळ्या ठेवणाऱ्या 'व्हीएन्व्ह'चा, वेगळा. माझ्या टर्मिनलमध्ये व्हीएन्व्ह चालू होता, लायब्ररी त्यात पडत होती, आणि एडिटर बघत होता सिस्टीमच्या पायथनकडे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. गंमत म्हणजे उत्तर चारही वेळा माझ्या डोळ्यांसमोर होतं. 'ऑलरेडी सॅटिस्फाइड'च्या पुढे पिप 'साइट-पॅकेजेस'चा, म्हणजे लायब्ररी ज्या फोल्डरात पडली त्याचा, पाथ छापतो. मी तो कधी वाचलाच नाही.

तुम्ही तो वाचा. मग पायथनची फाइल उघडी ठेवून खिडकीच्या तळाशी उजवीकडे बघा, तिथे एडिटरने निवडलेला इंटरप्रिटर, म्हणजे कोड चालवणारा पायथन, दिसतो. दोन्ही पाथ जुळत नसतील तर कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबा, 'पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर' निवडा आणि आपल्या व्हीएन्व्हमधला पायथन द्या. तरीही रेघ हटली नाही, तर त्याच यादीतून लँग्वेज सर्व्हर, म्हणजे इथे पायलान्सच, रीस्टार्ट करा. कुठला पायथन प्रोग्रॅम चालवतोय याची शंका असेल तर 'सिस' इम्पोर्ट करून त्यातलं 'एक्झिक्युटेबल' प्रिंट करा, पूर्ण पाथ मिळतो. मी तेव्हापासून नुसतं पिप चालवत नाही, 'पायथन -एम पिप' असंच लिहितो. म्हणजे ज्या पायथनला हाक मारली त्याच्याच घरात सामान पडतं.

मेसेज शेवटपर्यंत वाचायची सवयही लावून घ्या. 'यामल' या लायब्ररीच्या बाबतीत कधीकधी 'फ्रॉम सोर्स' एवढे दोन शब्द जास्त असतात, म्हणजे तिची माहिती सापडली, खुद्द लायब्ररी नाही. पायलान्सकडे काही लायब्रऱ्यांची टाइपची माहिती, म्हणजे कुठलं फंक्शन काय घेतं आणि काय देतं ते, आधीच भरलेली असते, त्यामुळे लायब्ररी जागेवर नसतानाही सजेशन्स येत राहतात आणि माणूस चक्रावतो. शिवाय पॅकेजचं नाव आणि इम्पोर्टचं नाव एकच असेल असं धरून चालू नका. 'पिलो' टाकायचं आणि इम्पोर्ट करायचं 'पीआयएल'. 'ओपनसीव्ही-पायथन' टाकलं की 'सीव्ही२'. 'सायकिट-लर्न'चं 'एसकेलर्न'.

दुसरा मोठा घोळ आपल्याच फाइलींचा. समजा प्रोजेक्टच्या पोटात 'बॅकएंड' फोल्डर आहे, त्यात 'मेन' फाइल, आणि शेजारी 'युटिल्स' व 'सर्व्हिसेस' असे दोन फोल्डर. 'सर्व्हिसेस'मधली एक फाइल 'युटिल्स'मधलं काहीतरी मागवते. 'मेन' चालवली की पायथन तिचं फोल्डर, म्हणजे 'बॅकएंड', शोधयादीत सगळ्यात वर घालतो, त्यामुळे सगळं सापडतं. एडिटरमध्ये मात्र तुम्ही बाहेरचं मोठं फोल्डर उघडलेलं असतं. तिथे 'युटिल्स' नाही, 'सर्व्हिसेस'मध्येही नाही, म्हणून रेघ. सरळ 'बॅकएंड'च उघडलं की ती जाते. ते जमण्यासारखं नसेल तर सेटिंग्जमध्ये 'पायथन.अ‍ॅनालिसिस.एक्स्ट्रापाथ्स' या यादीत त्या फोल्डरचा पाथ घाला. पायचार्म या दुसऱ्या एडिटरमध्ये फोल्डरवर राइट क्लिक करून त्याला 'सोर्सेस रूट' करतात.

आपलंच पॅकेज 'पिप इन्स्टॉल -ई' ने, म्हणजे फाइली जागच्या जागी बदलता येतील असं, टाकलं असेल तर आणखी एक पेच असतो, आणि यात नव्याजुन्याचा भेद नाही. २०२२ मध्ये आलेल्या सेटअपटूल्स (पॅकेज तयार करणारं साधन) ६४ पासून अशा इन्स्टॉलमध्ये कधीकधी पाथऐवजी इम्पोर्ट हुक बसतो. हुक म्हणजे इम्पोर्टच्या वेळी चालणारा कोड. पायलान्स काही चालवतच नाही, मग त्याला ते पॅकेज दिसणार कुठून? इन्स्टॉल करताना 'कॉन्फिग-सेटिंग्ज'मध्ये 'एडिटेबल मोड' 'कॉम्पॅट' दिला की काम भागतं.

राहिला 'टाइप: इग्नोर'. ओळीच्या शेवटी ही कमेंट टाकली की रेघ गायब. मीही कंटाळून एका फाइलीत दहाबारा ओळींवर ती चिकटवली होती. पुढे एका मॉड्यूलचं नाव बदललं, पण त्यातल्या एका ओळीत जुनंच राहिलं. ती ओळ एका क्वचित वापरल्या जाणाऱ्या फंक्शनच्या आत होती. एडिटरने चकार शब्द काढला नाही, कारण मीच त्याला गप्प बसवलं होतं. ते फंक्शन पहिल्यांदा चाललं ते डेमोच्या वेळी.