चिंता देवावर टाकायची म्हणजे नेमके काय करायचे

बायबलमधील पेत्राच्या पहिल्या पत्रात (५:७) आपली सारी चिंता देवावर टाकण्यास सांगितले आहे. नागपुरातले सदर असो वा जरीपटका, ख्रिस्ती घरातील कॅलेंडरवर हे वचन हमखास आढळते; तरीही गृहकर्जाचा हप्ता थकला असेल किंवा मुलीच्या नीटच्या निकालाकडे डोळे लागले असतील, तर ते वाचून झोप लागतेच असे नाही. याचे कारण विश्वासाची उणीव हेच असते, असे मला वाटत नाही. चिंता टाकायची कशी हे आपल्याला सहसा कोणी सांगत नाही आणि ‘अहो, प्रार्थना करा’ एवढ्यावरच आपली बोळवण होते.

सुरुवात मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील २५ ते ३४ या वचनांपासून करावी. हा येशूच्या डोंगरावरील प्रवचनाचा भाग आहे. नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला, तेव्हा याच प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. पुढे १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही दहा वचने सावकाश, मोठ्याने वाचावीत. काय खावे, काय प्यावे, काय पांघरावे या प्रश्नांना येशूने क्षुल्लक म्हटलेले नाही. या साऱ्यांची तुम्हांला गरज आहे हे तुमच्या पित्याला ठाऊक आहे, असे त्याने सांगितले. आकाशातील पाखरांचा दाखला कामचुकारपणाच्या समर्थनार्थ देणाऱ्यांनी एखादी चिमणी दिवसभर न्याहाळावी. ती दाणे टिपायचे थांबत नाही, कोठार तेवढे बांधत नाही.

त्यानंतर एक साधी वही करावी आणि रात्रीचे जेवण आटोपल्यावर, अंथरुणावर पडण्याच्या बऱ्याच आधी, मनात घोळणारी चिंता तीत लिहावी. लिहिताना मोघम लिहू नये, कारण मोघम चिंतेला अंत नसतो. ‘मुलाचे कसे होणार’ हे वाक्य रात्रभर पुरते. त्याऐवजी ‘गुरुवारी मिहानमधील कंपनीत त्याची मुलाखत आहे, याआधी दोन ठिकाणी नकार आला आहे, आणि या वेळीही तसेच झाले तर तो घरी बोलणे सोडून देईल अशी मला भीती वाटते’ असे लिहिले, की खरी भीती नोकरीची नसून मुलाच्या अबोल्याची आहे, हे लिहिणाऱ्याच्याच लक्षात येते. खाली, आज माझ्या हातात काय आहे, याची एकच ओळ लिहावी. येथे ती ‘जेवताना मुलाखतीचा विषय न काढता त्याच्याशी बोलणे’ एवढीच असू शकते. बाकीचे सारे देवाच्या बाजूला जाते.

हातातले आणि हाताबाहेरचे वेगळे करताना निर्गमाचा सोळावा अध्याय उपयोगी पडतो. अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेले अन्न, रोजचा रोज मिळे, आणि ज्यांनी आज्ञा मोडून तो सकाळपर्यंत साठवला त्यांच्या मान्नात किडे पडले. मात्र शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची आज्ञाच होती. तेव्हा विम्याचा हप्ता भरणे किंवा पोरांच्या फीसाठी पैसे बाजूला ठेवणे हा अविश्वास नव्हे. उद्या काय होईल याचे शंभर तर्क आजच रचत बसणे मात्र टाळावे.

आता प्रार्थना. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल मागणीला आभारांची जोड देण्यास सांगतो, आणि तो हे बंदिवासातून लिहीत होता. वहीतील शब्दांतच प्रार्थना करावी: ‘प्रभू, गुरुवारची भीती वाटते. मुलगा अजून घरी आहे, माझ्याशी बोलतो आहे, याबद्दल तुझे आभार. ही नोकरी त्याला दे. दिली नाहीस तर त्याला आणि मला सांभाळ.’ रडू आले किंवा राग आला, तर तो गिळू नये. तेराव्या स्तोत्रात ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा विचारला आहे, आणि तेही पवित्र शास्त्रच आहे.

शरीराकडेही लक्ष द्यावे. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात एलीया संदेष्टा मरण मागत झाडाखाली निजला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. दोनदा उठवून खाऊ-पिऊ घातले. मे महिन्यात कूलर लावूनही ज्यांचा डोळ्याला डोळा लागत नाही, त्या नागपूरकरांनी अपुरी झोप आणि अपुरा विश्वास यांची गल्लत करू नये.

चिंता एका विश्वासू माणसालाही सांगावी, कारण एकमेकांची ओझी वाहा अशी आज्ञा आहे (गलतीकरांस ६:२). माणूस मात्र पारखून निवडावा. प्रार्थनेची विनंती म्हणून सांगितलेली गोष्ट कधी कधी उपासना सुटण्याआधीच साऱ्या मंडळीत पोहोचलेली असते. काळजीने आठवडेच्या आठवडे कामधाम सुचत नसेल, छाती धडधडत असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर पाळकांबरोबरच डॉक्टरांनाही भेटावे. १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. औषध घेतल्याने विश्वासाला बाधा येत नाही.

तीच चिंता पहाटे तीनला पुन्हा उठवील. त्या वेळी सारे प्रकरण नव्याने उकरू नये. ‘प्रभू, हे रात्रीच तुला दिले आहे’ एवढे म्हणून कूस बदलावी, आणि लागेल तितक्या वेळा हेच करावे. महिन्याच्या प्रभुभोजनाच्या रविवारी वही उघडून, ज्या गोष्टी घडल्याच नाहीत, ज्या घडल्या आणि त्या वेळी कोण मदतीला आले, ज्यांना देवाने नकार दिला, त्या सगळ्यांपुढे तसे लिहावे. अजून उत्तर न आलेल्या चिंता नव्या पानावर उतरवाव्यात आणि प्रत्येकीखाली त्या दिवसाचे काम पुन्हा एका ओळीत लिहावे.