नॉर्वेची बेट-पालिका कशी अभ्यासावी : उत्सिराचा नमुना

गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटाच्या फेरीबोटीत रोज चढणाऱ्याला बेट म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. तरीही नॉर्वेतील बेटाचा कारभार अभ्यासताना तो ‘कोमूने’ (नॉर्वेतील स्थानिक पालिका) या शब्दापुढे बिनधास्त ‘पंचायत’ लिहून टाकतो, आणि पुढचे सगळे चुकते. ती घाई टाळावी आणि आधी नकाशा उघडावा.

नमुन्यादाखल उत्सिरा घ्यावे. रोगालांद प्रांतात, हाउगेसुंद शहराच्या पश्चिमेस सुमारे 18 किलोमीटरवर उघड्या समुद्रात हे बेट आहे; क्षेत्रफळ सहा चौरस किलोमीटरांच्या थोडे वर, वस्ती दोनशेच्या आसपास. नकाशात उत्तरेची आणि दक्षिणेची अशी दोन्ही बंदरे शोधावीत, कारण हवामान पाहूनच फेरी कोणत्या धक्क्याला लावायची ते ठरते. हा प्रवास तासाभराहून अधिक चालतो. मांडवी ओलांडून चहा गरम असतानाच पलीकडे पोहोचणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

इतिहासासाठी तीन सन पुरेत. 1837 च्या कायद्यांनी नॉर्वेत निवडून आलेल्या स्थानिक कारभाराची पायाभरणी केली. 1924 मध्ये उत्सिरा तोरवास्ताद या पालिकेपासून वेगळे होऊन स्वतंत्र पालिका बनले. तिसरा सन 1925 : त्या वर्षीच्या निवडणुकीत बारापैकी अकरा जागांवर महिला निवडून आल्या आणि सुईणीचे काम करणाऱ्या ओसा हेल्गेसेन देशातील पहिल्या महिला महापौर झाल्या. आरक्षणाची तरतूद नसताना हे घडले, म्हणून या सनापाशी थोडे थांबावे.

आता कारभार. दर चार वर्षांनी मतदार सभासद निवडतात आणि सभासद आपल्यातून महापौर निवडतात. आपल्याकडे गोव्यात पंच सरपंच निवडतात, तसेच. साम्य मात्र जवळजवळ तेथेच संपते. प्राथमिक शाळा, बालवाडी, डॉक्टरची सोय, वृद्धांची देखभाल, पाणीपुरवठा ही कामे कायद्याने ओस्लोप्रमाणेच दोनशे वस्तीच्या या पालिकेवरही आहेत.

हा फरक डोळ्यांसमोर यावा म्हणून वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढावी. डावीकडे वरील कामे लिहून उजवीकडे आपल्या गावात ती कोण करते ते लिहावे : सरकारी शाळा शिक्षण खात्याची, आरोग्य केंद्र आरोग्य खात्याचे. पंचायतीचे नाव उजव्या बाजूला किती ओळींत येते, ते मोजावे. ‘कोमूने’चा मराठी प्रतिशब्द त्यानंतर ठरवावा.