नऊवारी नेसून गाडीवर टांग टाकताय? या चुका टाळा

पाडव्याला आपल्या ग्वाल्हेरात बाड्यापासून फुलबागेपर्यंत स्कूटीवर जायचं, तेही नऊवारीत, दोन्हीकडे पाय टाकून! हौस छान आहे, पण काष्टा वाटेतच सुटतो आणि मग सगळ्या खोचण्याला नावं ठेवतात. चूक त्याआधी झालेली असते. आपण पाय जुळवून, ताठ उभं राहून नेसतो. तो काष्टा उभं असेपर्यंत पुरतो. सीटवर मांड्या फाकल्या की कापड मागून ओढलं जाऊन कमरेतून निसटतं. म्हणून नेसतानाच पाय फाकवून, गुडघे जरा वाकवून उभ्या राहा. खोचून झालं की एकदा उकिडव्या बसून उठा. ओढ बसली तर सोडून परत नेसा. वरून पिना टोचू नका, ताण आला की साडी पिनेपाशीच फाटते.

आत परकर नको, तो गुडघ्यांना आवळतो. लेगिंग घाला.

नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. सहावारीचा काष्टा फोटोपुरता ठीक, टांग टाकायला कापड कमी पडतं. आपली चंदेरी कितीही लाडकी असली तरी त्या झिरझिरीत पोताला हा ताण सोसत नाही. सुती किंवा जाड काठाची घ्या. शिवलेली नऊवारी असेल तर शिंप्याला आसन सैल ठेवायला सांगा, ती नेमकी तिथेच उसवते.

फुलबागेतल्या पुतळ्यातल्या झाशीच्या राणीसारखं दिसायचं असतं, कबूल. पण जून १८५८ च्या शेवटच्या लढाईत राणी पुरुषी स्वाराच्या वेशात होती, असं त्या काळच्या इंग्रजांनी लिहून ठेवलंय!

फेट्यावर हेल्मेट बसत नाही, म्हणून ते घरीच राहतं. कायद्यातली सूट पगडीधारी शिखांना आहे, आपल्या फेट्याला नाही. फेटा डिकीत ठेवा, पोचल्यावर बांधा.

सगळ्यात धोक्याचा पदर. तो पाठीवर मोकळा सोडू नका, कमरेभोवती घेऊन खोचा. मोटरसायकलवर मागे बसणार असाल तर साडीगार्ड आहे का बघा, आणि उजवा पाय सायलेन्सरपासून लांब ठेवा. सिंथेटिक काठ टेकताक्षणी वितळतो.

एवढं करूनही कापड चाकात गेलंच, तर ओढू नका. गाडी लगेच थांबवून बंद करा, गिअरची असेल तर न्यूट्रलमध्ये घ्या आणि चाक हाताने हळूहळू उलटं फिरवा. नाहीच निघालं तर कात्री लावा.