एसची किंमत १.९ आली, तेव्हा एन्टँगलमेंट गेलं कुठे?

एन्टँगलमेंट म्हणजे दोन कणांची अवस्था एकमेकांत इतकी गुंतलेली असणं, की त्यांचं वेगवेगळं वर्णन करता येत नाही. ते तपासायची एक रीत म्हणजे बेल चाचणी: दोन्ही कणांची मोजमापं किती जुळतात यावरून एस नावाचा एक आकडा काढायचा. एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये या चाचणीची रीडिंग्ज पहिल्यांदा पूर्ण झाली आणि एसची किंमत आली १.९. अभिजात मर्यादा २ (एस त्यापुढे जात नाही, ही बेलची असमानता), क्वांटमची कमाल २.८३. म्हणजे एन्टँगलमेंट संपलं, असं मी वहीत लिहूनही टाकलं. ते चुकीचं होतं, आणि नव्याने येणाऱ्या बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मांडणी नेहमीचीच. ४०५ नॅनोमीटरचा लेसर आणि एकाला एक चिकटवलेले बीबीओचे (बेरियम बोरेटचे) दोन पातळ स्फटिक, अक्ष एकमेकांशी काटकोनात. स्फटिकात लेसरच्या एका फोटॉनपासून दोन फोटॉनची जोडी जन्मते. एका स्फटिकात जन्मलेल्या जोडीचं ध्रुवण (प्रकाशलहरीच्या कंपनाची दिशा) आडवं, दुसऱ्यातलीचं उभं. जोडी कुठल्या स्फटिकातली हे कशावरूनही कळता कामा नये, या एका अटीवर सगळा डोलारा उभा असतो. आमची व्हिजिबिलिटी, म्हणजे दोन फोटॉनच्या निकालांचा मेळ किती ठळक दिसतो त्याचं माप, आडव्या-उभ्या दिशेत ९८ टक्के होती, ४५ अंशांना जेमतेम ३६. दोन दिवस मी आरसे हलवत बसलो. शेवटी गाईड मॅडमनी विचारलं, "लेसरची बँडविड्थ बघितलीस का?" म्हणजे त्याच्या रंगाचा पट्टा किती रुंद आहे.

डायोड लेसर साधा होता, पट्टा रुंद, म्हणून कोहिरन्स लांबी (लहर जेवढ्या अंतरापर्यंत लयीत राहते ते अंतर) तोकडी. त्यामुळे कुठली जोडी आधी बाहेर पडली, कुठली नंतर, हा फेमटोसेकंदांत मोजायचा फरकही जन्मस्थान उघड करायला पुरत होता. आमच्या डिटेक्टरला तो दिसणं शक्यच नव्हतं. पण कुणी बघतंय की नाही याला इथे किंमत नाही. माहिती कुठेतरी उमटली की झालं. लेसरच्या वाटेत आधीच एक कॉम्पेन्सेटर स्फटिक ठेवला, वेळेचा फरक मिटला, ४५ अंशांची व्हिजिबिलिटी ९४ वर गेली आणि एस २.७ वर.

आमचं नशीब की माहिती आमच्याच किरणाच्या वेळेत अडकली होती. तीच भोवतालच्या असंख्य रेणूंमध्ये पसरली असती तर गोळा करणं अशक्य. डिकोहिरन्स म्हणतात ते हेच. १९७० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ झे यांनी आणि ऐंशीच्या दशकात झुरेक यांनी ही मांडणी उभी केली. धागा तुटल्याचं चित्र डोक्यातून काढून टाका. दोन कणांमधलं नातं भोवतालाशी वाटलं जातं, आणि फक्त त्या दोघांकडे पाहिलं तर काही उरलेलं दिसत नाही.

आता त्या १.९ बद्दल. ध्रुवण मोजायला मी वापरलेले कोन आदर्श अवस्थेसाठी बेतलेले होते. त्याच बिघडलेल्या अवस्थेवर कोन बदलले असते तर एस २ च्या किंचित वर गेला असता. शिवाय बेलची असमानता मोडली नाही म्हणजे एन्टँगलमेंट नाही, असंही नसतं. वर्नर यांनी १९८९ मध्येच हे दाखवलं. दोन क्युबिटसाठी (क्युबिट म्हणजे दोनच मूळ अवस्था असलेली प्रणाली, जसं फोटॉनचं ध्रुवण) पेरेस यांची १९९६ ची पार्शल ट्रान्सपोजची कसोटी लावा, म्हणजे मॅट्रिक्सची फक्त एका कणापुरती उलटापालट करून बघा, ती निर्णायक आहे. त्यासाठी डेन्सिटी मॅट्रिक्स (अवस्थेचं पूर्ण वर्णन करणारा आकड्यांचा तक्ता) आणि पार्शल ट्रेस (त्यातून एक कण वगळून उरलेल्याचं वर्णन काढणं) हाताने करता यायला हवेत. मी ते सॉफ्टवेअरवर सोडलं होतं, त्याचं फळ वर वाचलंतच.

एका फोटॉनच्या वाटेत वेव्हप्लेट (ध्रुवण बदलणारी पातळ चकती) फिरवली तर एन्टँगलमेंट जात नाही. ध्रुवण नीट मोजलं तर जातं, पण दुसऱ्या टोकाला त्याचा पत्ता लागत नाही: तिथे आधीही निम्मे-निम्मे क्लिक, नंतरही तसेच. "दुसऱ्याला लगेच कळतं का?" हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो.

मला सगळ्यात चकवलं ते यू आणि एबर्ली यांच्या २००४ च्या निकालाने. दोन अणू घ्या. दोन्ही उत्तेजित असण्याची संभाव्यता ८० टक्के, दोन्ही तळपातळीत असण्याची २०, आणि दोन्ही शक्यतांचं सुपरपोझिशन. प्रत्येक अणू स्वतंत्रपणे, घातांकी नियमाने क्षय पावतो. तो उत्तेजित असण्याची संभाव्यता कधीच पूर्ण शून्याला जात नाही. एन्टँगलमेंट मात्र बरोबर एका अर्धायुष्यात शून्य होतं आणि तिथून पुढे शून्यच राहतं. २००७ मध्ये रिओ दि जानेरोच्या गटाने फोटॉनवर असा आकस्मिक अंत प्रत्यक्ष मोजला. गणित पानभराचं आहे. डेन्सिटी मॅट्रिक्स मांडताना "एक उत्तेजित, एक तळात" या दोन नोंदी विसरू नका; त्या गाळल्या तर एन्टँगलमेंट कधी संपणारच नाही, आणि पहिल्या खेपेला माझं तेच झालं.