लाइम आणि गोचिडीच्या आजारांवरच्या संशोधनाला निधी मागताय? या चुका टाळा

ज्या प्रस्तावात ‘अभिनव’ हा शब्द पानोपानी येतो, त्याच्या आत बहुधा अभिनव काही सापडत नाही. लाइमवर, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून पसरणाऱ्या जिवाणूजन्य आजारावर, काम करणाऱ्यांकडे कल्पनांचा तुटवडा नाही. कल्पना कोणत्या नमुन्यांवर, कोणत्या जंतूंवर आणि कशाशी तुलना करून तपासणार, हे लिहायचं पान शेवटच्या रात्री खरडलं जातं. परीक्षक पहिल्यांदा तेच पान उघडतात.

सोप्या रुग्णांवर चाचणी चमकवणं

नव्या निदान-चाचणीच्या प्रस्तावांत ही चूक इतकी सर्रास दिसते की आता तिचा कंटाळा आलाय. एका बाजूला लाइमच्या संधिवातापर्यंत पोहोचलेल्या रुग्णांचं सीरम (रक्तातला पेशी काढलेला द्रव), दुसऱ्या बाजूला धडधाकट रक्तदाते. आकडे झकास येणारच. पण संधिवाताच्या अवस्थेत सध्याची दोन टप्प्यांची प्रतिपिंड-चाचणीही जवळजवळ प्रत्येकाला पकडते. ती हुकते सुरुवातीला, अंगावर पसरणारा लाल चट्टा उमटलेला असतो पण प्रतिपिंडं पुरेशी तयार झालेली नसतात तेव्हा. त्या काळात निम्म्याहून अधिक रुग्ण तिच्या हातून सुटतात. तुमच्या चाचणीने काही सिद्ध करायचं असेल तर ते इथेच.

नमुन्यांची यादी करताना आधी चट्ट्याच्या अवस्थेतले रुग्ण घ्या. त्यांचाच दुसरा नमुना उपचारानंतर काही आठवड्यांनी घ्या. मग चाचणीला फसवू शकतील असे लोक गोळा करा: सिफिलिस, पुनरावर्ती ज्वर, ऱ्हुमॅटॉइड संधिवात, ल्यूपस, मोनोन्यूक्लिओसिस. निरोगी माणसंही दोन गटांत हवीत, लाइम आढळणाऱ्या भागातली आणि न आढळणाऱ्या भागातली. पहिल्या गटातल्या काहींच्या रक्तात जुन्या, नकळत होऊन गेलेल्या संसर्गाची प्रतिपिंडं असतात. हा गट गाळून विशिष्टता (निरोग्यांना निरोगी ठरवण्याचं प्रमाण) वाढवणं म्हणजे स्वतःलाच फसवणं.

संख्येचं गणित तर बोटांवर होतं. ३० निरोगी माणसांत एकही खोटा पॉझिटिव्ह आला नाही, तरी खऱ्या चुकीचं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असू शकतं. १०० माणसांत शून्य आले तर ३ टक्क्यांपर्यंत, ३०० मध्ये शून्य आले तर १ टक्क्यापर्यंत. तीनला नमुन्यांच्या संख्येने भागायचं, झालं. आता समजा, १,००० लोकांची तपासणी केली आणि त्यांतल्या १० जणांनाच लाइम आहे. ८० टक्के संवेदनशीलता (खरे रुग्ण ओळखण्याचं प्रमाण) आणि ९७ टक्के विशिष्टता असलेली चाचणी त्यांतले ८ खरे रुग्ण शोधेल आणि सुमारे ३० निरोग्यांवर शिक्का मारेल. हे गणित प्रस्तावात तुम्हीच मांडा. नाहीतर परीक्षक समासात मांडतात, आणि तेव्हा त्यांचा सूर वेगळा असतो.

नमुने ‘मिळवले जातील’ असं लिहू नका. अमेरिकेत सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा लाइम सीरम-संग्रह आहे, बे एरिया लाइम फाउंडेशनने उभी केलेली बायोबँक (नमुन्यांचा साठा) आहे. आधी त्यांच्याशी बोला, पत्र घ्या, ते जोडा आणि मगच बजेट लिहायला बसा. नमुने आले की लगेच छोट्या कुप्यांत वाटून गोठवा, म्हणजे तीच कुपी पुन्हा पुन्हा वितळवावी लागत नाही. कोणता नमुना कोणाचा हे सांगणारी यादी चाचणी करणाऱ्याच्या हातात नको. निकाल जमा झाल्यावरच ती उघडायची.

घाई काय करते त्याचं नोंदलेलं उदाहरण घ्या. रुग्णांच्या सीरममधून लाइमचा जंतू वाढवून दाखवणारी एक नवी पद्धत २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. असं खरंच जमलं असतं तर निदानाचा मोठा प्रश्न सुटला असता, कारण या जंतूची वाढ अत्यंत किचकट आणि संथ असते. २०१४ मध्ये सीडीसीच्या शास्त्रज्ञांनी त्याच लेखातले जनुकक्रम पुन्हा तपासले. त्यांतले बरेचसे क्रम प्रयोगशाळेत हाताळल्या जाणाऱ्या स्ट्रेनशी (जंतूच्या वाणांशी) जुळणारे निघाले. संसर्ग रुग्णाचा की टेबलावरचा, हे सांगता येईना. म्हणून प्रस्तावात तीन गोष्टी ठळक लिहा: रुग्णांचे नमुने आणि वाढवलेले जंतू वेगळ्या खोल्यांत, प्रत्येक खेपेत रिकामे कंट्रोल (नमुना न घातलेल्या नळ्या), आणि मिळालेल्या प्रत्येक क्रमाची स्वतःच्याच स्ट्रेनशी तुलना. ‘आमच्याकडे असं होत नाही’ हे वाक्य ज्यांच्याकडे असं होतं तेच लिहितात.

शिळा जंतू

बोरेलिया बर्गडॉर्फेरी या लाइमच्या जंतूचा बी-३१ हा स्ट्रेन बहुतेकांच्या फ्रीझरमध्ये असतो. त्याचं मुख्य गुणसूत्र रेषाकृती, साधारण ९ लाख १० हजार बेसचं, आणि सोबत २१ प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचे सुटे छोटे तुकडे. बीएसके या पोषक माध्यमात ३३ ते ३४ अंश सेल्सियसला पुन्हा पुन्हा वाढवत गेलं की यांतली काही प्लाझ्मिड गळून पडतात. एलपी-२५ नावाचं प्लाझ्मिड गेलं तर जंतू उंदराला संसर्गच करू शकत नाही. एलपी-२८-१ गेलं तर संसर्ग टिकत नाही. नळीत मात्र दोन्ही मजेत वाढतात, सूक्ष्मदर्शकाखाली वळवळतात, कोणाला संशय येत नाही. मग अशा जंतूवर औषध ‘यशस्वी’ ठरतं.

उपाय कंटाळवाणा आहे, म्हणूनच टाळला जातो. पाचपेक्षा जास्त वेळा पुन्हा वाढवलेला जंतू उंदरात वापरू नका, प्रत्येक साठ्याची प्लाझ्मिडवार पीसीआर-तपासणी (डीएनए शोधणारी) करा आणि तिचा खर्च बजेटमध्ये स्वतंत्र ओळीत दाखवा. ती ओळ पाहिली की समोरच्याने खरंच काम केलंय हे कळतं.

याचाच भाऊ म्हणजे सुईचा शॉर्टकट. उपाशी गोचिडीत हा जंतू ओएसपी-ए हे प्रथिन बाळगतो. गोचीड रक्त पिऊ लागली की ते कमी करून ओएसपी-सी वाढवतो. १९९८ मध्ये मान्यता मिळालेली आणि २००२ मध्ये बाजारातून काढून घेतलेली लस ओएसपी-एवर बेतलेली होती. लसीमुळे रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं गोचिडीच्या पोटातच जंतूला गाठत. अशा लसीची परीक्षा फक्त सुईने जंतू टोचून घेतली तर उत्तर भलत्याच प्रश्नाचं मिळतं. संसर्गित निम्फ (पूर्ण वाढ न झालेल्या गोचिडी) लावूनच प्रयोग करा, वेळ लागला तरी.

‘आणि इतर आजार’ हे शेपूट

शीर्षकात बॅबेसिया, अॅनाप्लाझ्मा, रिकेट्सिया हे गोचिडीतून पसरणारे इतर जंतू आणि योजनेत फक्त लाइम, असं दिसलं की गुण कापले जातात. बॅबेसिया तांबड्या पेशींत राहतो, अॅनाप्लाझ्मा न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमध्ये, रिकेट्सिया रक्तवाहिन्यांच्या अस्तरात. साठवलेलं सीरम यांच्या पीसीआरला भागत नाही. ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनातलं पूर्ण रक्त हवं. हेपरिनची नळी नकोच, तेही रक्त गोठू देत नाही, पण पीसीआर अडवतं.

लाइमच्या उपचारानंतरही लांबलेल्या लक्षणांसाठी ‘आणखी महिनाभर अँटिबायोटिक’ ही कल्पना नवी नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत ३० दिवस सेफ्ट्रिअॅक्सोन आणि पुढे ६० दिवस डॉक्सिसायक्लिन देऊनही प्लासिबोपेक्षा (बिनऔषधी डोसापेक्षा) फायदा दिसला नाही. वेगळी कार्यपद्धती किंवा रुग्णांचा वेगळा उपगट दाखवता येत नसेल तर हा विषय सोडा.

एकच प्रस्ताव सगळीकडे

एनआयएच या अमेरिकी सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचा आर-२१ हा निधी-प्रकार दोन वर्षांचा असतो. प्रत्यक्ष खर्च एकूण २,७५,००० डॉलर, कोणत्याही एका वर्षी २,००,००० पेक्षा जास्त नाही, संशोधन-योजना सहा पानांची. त्यात पाच वर्षांचं स्वप्न कोंबणारे नवखे दर फेरीला भेटतात. दोन उद्दिष्टं पुरेत, आणि पहिलं फसलं तरी दुसरं उभं राहिलं पाहिजे. अमेरिकी संरक्षण खात्याचा गोचीडजन्य आजारांचा कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला. तिथे आधी छोटा पूर्व-अर्ज, आणि बोलावणं आलं तरच पूर्ण अर्ज. परीक्षण समितीत रुग्णही मत देतात. सामान्य वाचकासाठीचा सारांश त्यांच्यासाठी असतो, त्यामुळे तांत्रिक सारांशातले चार शब्द बदलून तो चिकटवू नका.

दिनदर्शिका न पाहणं

ईशान्य अमेरिकेत निम्फ मे ते जुलैत भरात असतात. निधी सप्टेंबरात सुरू झाला तर पहिला हंगाम गेलेला असतो. संरक्षण खात्याच्या निधीत संस्थेच्या नैतिक समितीनंतर खात्याच्या स्वतःच्या कार्यालयाचीही मंजुरी लागते, मानवी नमुन्यांसाठी एक आणि प्राण्यांसाठी दुसरी. ती येईपर्यंत कामाला हात लावता येत नाही. वेळापत्रकात यासाठी काही महिने मोकळे ठेवा. गोचिडी गवतावरून कापड ओढून गोळा करायच्या असतील तर एक चौरस मीटरचं ते पांढरं जाड कापड दर १० ते २० मीटरवर उलटून पाहावं लागतं, हे मनुष्यबळाच्या रकान्यात दिसू द्या. शोधायचा जंतू शंभरात एखाद्याच गोचिडीत असेल तर तो एकदा तरी सापडण्याची ९५ टक्के खात्री हवी म्हणून साधारण ३०० गोचिडी तपासाव्या लागतात. ५० गोचिडींत काही मिळालं नाही म्हणून ‘या भागात हा जंतू नाही’ असं लिहू नका.