एक फळी आणि एक ठोकळा: घर्षण घरीच कसं मोजायचं आणि वापरायचं

खडबडीत म्हणजे जास्त घर्षण, गुळगुळीत म्हणजे कमी, हे सगळ्यांचं शाळेपासून पाठ असतं, पण ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं बघायला लॅब वगैरे लागत नाही. साधारण मीटरभर लांब सरळ फळी, एक लाकडी ठोकळा, मोजपट्टी, थोडा सँडपेपर, जाड प्लास्टिकचा तुकडा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी, एवढं पुरे.

ठोकळा फळीवर ठेवायचा, फळीचं एक टोक जमिनीला टेकलेलं आणि दुसरं हळूहळू वर उचलायचं. आधी ठोकळा ढिम्म हलत नाही, मग एका क्षणी एकदम सुटतो, तिथेच हात थांबवायचा आणि खाली पुस्तकं सरकवून फळी तशीच धरून ठेवायची. आता दोन मापं घ्या, वरच्या टोकाची जमिनीपासून उंची आणि त्या टोकाच्या बरोबर खालच्या जागेपासून टेकलेल्या टोकापर्यंतचं आडवं अंतर. उंचीला त्या अंतराने भागा. समजा उंची 30 सेमी आणि अंतर 75 सेमी आलं तर उत्तर 0.4, हाच त्या जोडीचा घर्षण गुणांक, म्हणजे घर्षण किती ते सांगणारा आकडा, वजनकाटा नको की कोनमापक नको. फक्त भागताना फळीची लांबी घेऊ नका, आडवं अंतरच घ्या, बरेच जण इथेच गडबड करतात.

एकदा करून सोडू नका, चार-पाच वेळा करा आणि मधलं उत्तर धरा. हात झटकन वर गेला तर आकडा उगाच मोठा येतो. आणि फळीवर धूळ किंवा बोटांचा तेलकटपणा असेल तर काही बोलायलाच नको, आधी पुसून घ्या.

आता मजा. ठोकळा आडवा ठेवून मोजा, मग अरुंद बाजूवर उभा करून मोजा (फार उंच नको, नाहीतर घसरायच्या आधी उलटतो), मग वर अजून एक ठोकळा चिकटवून मोजा. तिन्ही वेळा आकडा जवळपास तोच येतो. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांमध्ये हे नोंदवलेलं आहे आणि 1699 मध्ये फ्रान्सच्या आमाँताँने ते जाहीरपणे मांडलं. कारण असं की दोन पृष्ठभाग दिसायला पूर्ण टेकलेले असले तरी खरं तर फक्त त्यांची बारीक बारीक टोकंच एकमेकांना लागलेली असतात, म्हणजे खरा स्पर्श फारच थोड्या जागेत. वजन वाढलं की ती टोकं दबतात आणि खरा स्पर्श त्याच प्रमाणात वाढतो, मग ठोकळा कुठल्या बाजूवर ठेवलाय याने काय फरक पडणार?

मग फळीवर सँडपेपर चिकटवा. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक, तर एक 60 नंबरचा आणि एक 400 चा घ्या. साध्या फळीपेक्षा कोन वाढेलच, पण त्या दोघांमधला फरक तुम्हाला वाटला होता तेवढा येतो का ते स्वतः बघा. नंतर ठोकळ्याखाली ट्यूबची पट्टी लावा. रबर हाताला अगदी गुळगुळीत लागतं तरी फळी चांगलीच उभी करावी लागते, कारण रबर मऊ असतं, समोरच्या पृष्ठभागाच्या खाचाखोचांत बसतं आणि चिकटतं. कोरड्या ट्रॅकवर रेसिंग कारचे टायर बिननक्षीचे असतात ते यामुळेच, टायरवरची नक्षी मुख्यतः पाणी बाहेर काढायला असते. आणि धातूचे अतिशय चकचकीत घासलेले गेज ब्लॉक (अचूक मापासाठी वापरायचे ठोकळे) तर एकमेकांवर दाबून सरकवले की चक्क चिकटून बसतात! गुळगुळीतपणा एका हद्दीपलीकडे उलटा पडतो तो असा.

अजून एक मोजमाप राहिलं. फळी थोडी खाली घ्या आणि ठोकळ्याला हलकी टिचकी मारा. ज्या उताराला तो टिचकीनंतर एकसारख्या वेगाने सरकत राहतो तो आकडा गतिक, म्हणजे सरकत्या वस्तूच्या घर्षणाचा, आणि तो सहसा आधीच्या स्थितिक, म्हणजे थांबलेल्या वस्तूच्या आकड्यापेक्षा कमी असतो.

जड कपाट सरकवताना हेच सगळं कामाला येतं. आधी रिकामं करा, कारण वजन अर्धं झालं की लागणारा जोरही अर्धा. गुळगुळीत फरशी असेल तर पायांखाली जाड कापड, गालिचा असेल तर कडक प्लास्टिक. एकदा हललं की मध्ये थांबू नका, थांबलात की परत स्थितिक घर्षणाशी कुस्ती. वरून खाली रेटू नका, त्याने दाब वाढतो. दोरीने ओढणार असाल तर दोरी जराशी वर चढती ठेवा, किती चढती म्हणाल तर हलत्या वस्तूसाठी सगळ्यात कमी जोर लागतो तो कोन म्हणजे त्याच दोन पृष्ठभागांचा टिचकीवाला उतार. 0.4 आकडा असेल तर साधारण 22 अंश.

लाकडी ड्रॉवर अडकत असेल तर रुळांवर मेणबत्ती घासा. तेल नको, ते लाकडात मुरतं आणि वर धूळ धरून ठेवतं. मेण लावूनही अडकला तर तो घर्षणाचा प्रश्न नाही, बहुतेक लाकूड दमट हवेने फुगलंय, मग थोडं वाळू द्या आणि जिथे घासल्याची चमक दिसते तेवढंच सँडपेपरने उतरवा.