बूट घेण्याआधी नाडी मोजा

वजन बरंच वाढलेलं असताना व्यायामाला लागायचं ठरलं की आधी बूट येतात. बूट हवेतच, पण त्याआधी आठवडाभर सकाळी जाग आल्या आल्या, अंथरुणातच, पूर्ण एक मिनिट नाडी मोजून वहीत लिहा. पुढचं सगळं गणित या आकड्यावर आहे. रक्तदाबही तपासून घ्या, मात्र दंडाच्या मापाचाच पट्टा मागा; जाड दंडावर लहान पट्टा बांधला तर दाब असतो त्याहून जास्त दिसतो.

डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची यादी सोबत न्या. बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारं औषध, चालू असेल तर नाडी फारशी चढत नाही, आणि मनगटावरच्या घड्याळातला आकडा गाठायच्या नादात माणूस न झेपणारा जोर लावतो. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या असतील तर व्यायामाने साखर एकदम उतरू शकते. झोपेत श्वास अडकणं, छातीत दुखणं, चक्कर येणं, हे कुणी विचारलं नाही तरी सांगा.

आता जोर किती लावायचा ते. शरीर वाढतं तसं अंगातलं रक्तही वाढतं आणि हृदयाला दर मिनिटाला जास्त रक्त फिरवावं लागतं. वर्षानुवर्षं हा भार वाहून डाव्या कप्प्याची भिंत जाड आणि ताठ होऊ शकते. आकुंचनाची ताकद बराच काळ टिकते. आधी बिघडतं ते सैल पडून रक्त भरून घेणं. नाडी वाढली की दोन ठोक्यांमधला हा भरण्याचाच वेळ सगळ्यात जास्त आक्रसतो. जिन्यात धाप लागण्यामागे हेही एक कारण असू शकतं, म्हणून त्या धापेला आळस म्हणू नका, दुसऱ्यालाही म्हणू देऊ नका.

म्हणून सुरुवात मध्यम जोराने करा. २२० मधून वय वजा करा, त्यातून सकाळची नाडी वजा करा, उरेल त्याचे ४० ते ६० टक्के काढून सकाळच्या नाडीत मिळवा. वय ४५, सकाळची नाडी ८० असेल तर व्यायामात नाडी ११८ ते १३७ च्या दरम्यान ठेवायची. हा अंदाजच आहे. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांनी तर तो सोडूनच द्यावा आणि बोलून पाहावं. बोलता येतं पण गाता येत नाही, तो मध्यम जोर. आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत हळूहळू पोहोचा. गुडघे कुरकुरत असतील तर सायकल किंवा पोहणं.

चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू अशा फेऱ्यांनी दमसास चांगला वाढतो, पण त्या पाया पक्का झाल्यावर आणि डॉक्टरांना विचारूनच. वजनाचा काटा हलला नाही तरी दमसास वाढू शकतो, तेव्हा सकाळची नाडी लिहीत राहा; ती हळूहळू उतरणं ही त्याचीच खूण असते.

शेवटची पाच-दहा मिनिटं वेग उतरवण्यासाठी राखून ठेवा. एकदम थांबलात तर रक्त पायांत साचून भोवळ येते. छातीवर दाब आला, हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर लगेच थांबा, बसा आणि रुग्णवाहिका बोलवा. तो नंबर फोनमध्ये आजच घालून ठेवा.